सहा बिंदूंतून जाणारा लोरेंझ वक्र मध्येच खाली का उतरतो?

प्रश्न : अर्थ_विद्यार्थी

संपत्तीच्या विषमतेवर वर्गात सादरीकरण करायचे आहे. सरावासाठी काल्पनिक आकडे घेतले : लोकसंख्येचे गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत पाच समान गट केले, तर त्यांच्याकडे एकूण संपत्तीचा अनुक्रमे १, ३, ६, १५ आणि ७५ टक्के वाटा आहे. हे वाटे मिळवत गेल्यावर लोरेंझ वक्राचे (तळाच्या किती टक्के लोकांकडे मिळून किती टक्के संपत्ती आहे, हे दाखवणाऱ्या रेषेचे) बिंदू (०, ०), (२०, १), (४०, ४), (६०, १०), (८०, २५) आणि (१००, १००) असे आले. ते सरळ रेषांनी जोडले, तर आकृती फारच कोनदार दिसते, म्हणून सहाही बिंदूंतून जाणारी पाचव्या घाताची बहुपदी संगणकाकडून काढून घेतली. रेषा छान गुळगुळीत आली. मात्र १० टक्क्यांवर तिची किंमत १.२१ आहे आणि २० टक्क्यांवर १. आकडेमोड तीनदा तपासली. चूक कुठे होते आहे?

प्रतिसाद : भूमितीप्रेमी

आकडेमोड बरोबर आहे. मी हाताने करून पाहिली, १.२१ च येते. आपण बहुपदीला फक्त बिंदूंतून जायला सांगितले. दोन बिंदूंच्या मध्ये तिने कसे वागावे, याची कोणतीही अट घातली नाही. शेवटच्या गटात वक्र २५ वरून थेट १०० वर चढतो आणि एकच सूत्र सगळीकडे लागू असल्यामुळे त्या चढाचा हिसका पार डावीकडच्या टोकाला बसतो. समान अंतरावरच्या बिंदूंतून वरच्या घाताची बहुपदी नेली की ती टोकांशी हेलकावे खाऊ शकते, हे जर्मन गणितज्ञ रुंगे यांनी १९०१ मध्येच दाखवून दिले होते.

आपल्या आकृतीचा अर्थ असा होतो, की सर्वांत गरीब १० टक्क्यांकडे १.२१ टक्के संपत्ती आहे आणि त्यांच्यापेक्षा सधन अशा पुढच्या १० टक्क्यांकडे उणे ०.२१ टक्के. कर्जामुळे संपत्ती उणे असू शकते, हे मान्य. पण मग ती माणसे रांगेत सर्वांत आधी यायला हवी होती!

प्रतिसाद : अक्षरकार

मी देवनागरी फॉन्ट तयार करतो, त्यामुळे हा प्रश्न वेगळ्या वेशात रोज समोर येतो. ‘ळ’ची वळणे काढताना आम्ही एकच लांबलचक सूत्र वापरत नाही, छोटे बेझिए वक्र (दोन टोके आणि मधले नियंत्रण बिंदू यांवरून आकार ठरणारे) एकमेकांना जोडतो. फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्याचे आकार नेमके सांगता यावेत, म्हणून सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये बेझिए यांनी हे वक्र स्वतंत्रपणे विकसित केले. सित्रोएनने आपले काम गुप्त ठेवले, त्यामुळे नाव बेझिए यांचे झाले.

या वक्राचा मधला नियंत्रण बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतो, पण रेषा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि नियंत्रण बिंदूंनी घेरलेल्या क्षेत्राबाहेरही जात नाही. आपण प्रत्येक बिंदूवर स्पर्शिकेचा चढ ठरवा. तो डावीकडच्या आणि उजवीकडच्या जीवांच्या (लगतचे बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषांच्या) चढांच्या मधला असावा. लगतच्या दोन स्पर्शिका जिथे छेदतात, तो मधला नियंत्रण बिंदू. (२०, १) पाशी जीवांचे चढ ०.०५ आणि ०.१५ आहेत, तेव्हा ०.१ घ्या, शून्यापाशी चढ ० घ्या. नियंत्रण बिंदू (१०, ०) येतो आणि १० टक्क्यांवर वक्राची उंची ०.२५ भरते.

प्रतिसाद : आकडेमोड

वरची रीत योग्य आहे. फक्त तो ०.२५ आकडा सादरीकरणात निष्कर्ष म्हणून मांडू नका. तो आपण निवडलेल्या स्पर्शिकांतून आला आहे, माहितीतून नव्हे. लोरेंझ वक्रावर चढालाच अर्थ असतो : शेवटच्या जीवेचा चढ ३.७५ आहे, म्हणजे वरच्या गटातील माणसाकडे सरासरीच्या पावणेचारपट संपत्ती आहे. रांग गरिबांकडून श्रीमंतांकडे लावलेली असल्यामुळे हा चढ कुठेही कमी होऊ शकत नाही, आणि आपल्या बहुपदीने नेमका हाच नियम मोडला.

कोनदार आकृतीची लाज बाळगू नका. दोन्ही अक्ष ० ते १ असे धरले, तर जीवांखालचे क्षेत्रफळ ०.१८ येते, म्हणून जिनी गुणांक (विषमतेचे माप, ० म्हणजे पूर्ण समानता) १ − २ × ०.१८ = ०.६४. खरा वक्र जीवांच्या खालूनच जाणार, कारण प्रत्येक गटाच्या आतही विषमता असते. त्यामुळे ‘जिनी किमान ०.६४’ असे आपण निःशंकपणे लिहू शकता.

अर्थ_विद्यार्थी

सर्वांचे आभार. जीवा ठळक रेषेने आणि बेझिए वक्र तुटक रेषेने, असे दोन्ही एकाच आकृतीत दाखवतो. शेवटच्या टोकाशी स्पर्शिकेचा चढ ३.७५ पेक्षा किती जास्त घ्यावा, हे मात्र अजून ठरत नाही. ५ घेतला आणि ८ घेतला, तर वक्राचा फुगवटा बराच बदलतो.