मदत हवी आहे: मास फ्लक्स पाउंड-फुटातून मेट्रिकमध्ये, उत्तर पटतच नाही

नळीतलं_पाणी:
तातडीने मदत हवी. एका जुन्या हीट एक्स्चेंजरची (एका प्रवाहातली उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) डेटाशीट मेट्रिकमध्ये आणायची आहे. मास फ्लक्स, म्हणजे नळीच्या एकक क्षेत्रफळातून ठरावीक वेळात जाणारं वस्तुमान, ११०० दिलाय. ०.००१३५६ ने गुणलं तर १.४९ येतं. त्यावरून प्रेशर ड्रॉप (नळीतून वाहताना होणारी दाबातली घट) काढला तर जवळजवळ शून्य. सकाळपासून चार वेळा केलं. गुणक चुकतोय का? बरोबर गुणक तेवढा सांगा, पुढचं मी बघतो. उद्या द्यायचंय.

सरळरेघ:
गुणक ४.८८२४. पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो, फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, आणि १९५९ च्या करारापासून हे दोन्ही आकडे नेमके ठरलेले आहेत. फुटाचा वर्ग ०.०९२९०३०४. भागा आणि मोकळे व्हा.

घातांक:
सरळरेघ, मग तास कुठे गेला? ४.८८ तेव्हाच चालतं जेव्हा दोन्हीकडे सेकंद असतो किंवा दोन्हीकडे तास असतो. तासातून सेकंदात यायचं तर त्याला ३६०० ने भागायचं, म्हणजे ०.००१३५६२. धागाकर्त्याचा गुणक बरोबरच आहे. फक्त शीटवर तास आहे की सेकंद ते त्यांनी सांगितलेलं नाही.

सरळरेघ:
सेकंद असेल तर माझं उत्तर बरोबर.

घातांक:
सेकंद धरला तर ११०० चे ५३७१ किलो होतात, म्हणजे पाणी असेल तर नळीत ताशी १९ किलोमीटरहून जास्त वेग. नळ्या खरवडून निघतील. कोण असं डिझाइन करेल?

नळीतलं_पाणी:
तासच आहे हो, ते लिहायला हवं का? पाणीच आहे, कूलिंग वॉटर, ट्यूब साइडला, म्हणजे नळ्यांच्या आतून.

बलाढ्य:
सगळ्यांचं एक राहतंय. हा पाउंड वस्तुमानाचा की बलाचा? पाउंड-फोर्स असेल तर ४.४४८ न्यूटन, आणि मध्ये गुरुत्वाचा ३२.१७४ येतो. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं यान याच घोळात गमावलं, एका बाजूने पाउंड-फोर्स सेकंद दिले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटन सेकंद समजले.

घातांक:
बलाढ्य, मास फ्लक्समध्ये बल येईल कुठून? तो घोळ प्रेशर ड्रॉपच्या सूत्रात होऊ शकतो, इथे नाही.

पडदा_गाळणी:
आमच्याकडे आरओ मेंब्रेनला गॅलन प्रति चौरस फूट प्रति दिवस वापरतात. त्याला १.६९८ ने गुणलं की लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास. अमेरिकन गॅलन बरं का, ३.७८५ लिटरचा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ चा असतो, तो घेतला तर २० टक्के फरक पडतो.

नळीतलं_पाणी:
गॅलनचं काय करू? माझ्याकडे पाउंड आहेत. कृपया विषयावर या.

जुना_बॉयलर:
नळीतलं पाणी, १.४९ किलो प्रति सेकंद प्रति चौरस मीटर म्हणजे पाण्याचा वेग सेकंदाला दीड मिलिमीटर. नळीत पाणी उभंच आहे म्हणायचं. प्रेशर ड्रॉप शून्य येणारच. गुणकात दोष नाही, ११०० मध्ये आहे. त्या रकान्याच्या डोक्यावर एकक जसं छापलंय तसं, अक्षर न गाळता लिहा.

नळीतलं_पाणी:
'एम पाउंड / तास, चौ. फूट'. एम म्हणजे मास असेल ना, म्हणून लिहिलं नाही.

सरळरेघ:
एम म्हणजे मेगा! दशलक्ष. सुटला प्रश्न.

घातांक:
मेगा धरून वेग सेकंदाला १४९२ मीटर येतो. पाण्यात आवाजाचा वेग साधारण तेवढाच असतो.

जुना_बॉयलर:
हा रोमन एम आहे, एम म्हणजे हजार. जुन्या अमेरिकन शीटांवर एम हजाराला आणि दोन एम जोडून दशलक्षाला. मी नवा असताना यात दोन दिवस घालवले आहेत, म्हणून तळमळीने सांगतोय. तुमचे ११०० म्हणजे ११,००,००० पाउंड प्रति तास प्रति चौरस फूट. गुणक तुमचाच ठेवा, १४९२ किलो येतील. वेग सेकंदाला दीड मीटर, नळीतल्या पाण्याला अगदी साजेसा.

शंका राहिली तर रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळबळता ते सांगणारा आकडा; मास फ्लक्स गुणिले व्यास भागिले स्निग्धता) दोन्ही पद्धतींत काढा. त्याला एकक नाही, त्यामुळे दोन्हीकडे तोच आला पाहिजे. नळीचा आतला व्यास किती?

नळीतलं_पाणी:
०.६२ इंच. स्निग्धता १ सेंटिपॉइज धरली आहे.

जुना_बॉयलर:
मग हे बघा. पाउंड-फुटात व्यास ०.०५१६७ फूट, स्निग्धता २.४१९ पाउंड प्रति फूट तास. ११,००,००० × ०.०५१६७ ÷ २.४१९ म्हणजे सुमारे २३,५००. मेट्रिकमध्ये १४९२ × ०.०१५७५ ÷ ०.००१, पुन्हा २३,५००. गुणक नीट बसल्याची ही खूण. हजाराची चूक मात्र यात सापडत नाही, कारण ती दोन्हीकडे सारखीच शिरते. त्यासाठी वेगाकडेच बघावं लागतं.

सरळरेघ:
एवढं हाताने कशाला? कन्व्हर्टरमध्ये टाकलं की झालं.

घातांक:
कन्व्हर्टरला तुम्ही ११०० च दिले असते आणि त्याने १.४९ च दिलं असतं.

बलाढ्य:
प्रेशर ड्रॉप पाउंडात काढणार असाल तर ३२.१७४ विसरू नका, एवढंच म्हणणं होतं.

नळीतलं_पाणी:
मेट्रिकमध्येच काढला. १६ फुटी नळ्या, चार पास, म्हणजे पाणी नळ्यांतून चार फेऱ्या मारतं. घर्षणाचे ३५ किलोपास्कल, वळणांचे १८, एकूण ५३. म्हणजे ७.७ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), आणि शीटवर ८ छापलंय. जुळलं! जुना बॉयलर काका, मनापासून आभार. घातांक, तुमचेही.

जुना_बॉयलर:
छान. त्याच शीटवर हीट ड्यूटीपुढेही (यंत्र तासाला किती उष्णता देतं-घेतं तो आकडा) एम असेल. ती कशी घेतलीत?

नळीतलं_पाणी:
५२०० एम बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) प्रति तास आहे. मेगा धरून १५२४ मेगावॉट लिहून ठेवलंय. १.५२४ करतो आणि बाकीचे सगळे रकाने पुन्हा तपासायला घेतो.