शर्यतीचे नव्वद हजार: जावं, की तेवढ्यात सिमल्याला आपलं आपण फिरून यावं?

गणिताच्याबाई (इंदूर)

नमस्कार. वय ४३, शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, राहते लोकमान्य नगरात. सायकल अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (म्हणजे मागे शॉक नाही), २९ इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा, हवेचा फोर्क. रविवारी आमचा गट खंडवा रोडने सिमरोलला जातो, घाट उतरून चोरल, आणि मग तोच घाट चढून घरी. थंडीत जानापाव. पावसाळ्यात काळी माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, म्हणून ते चार महिने फक्त डांबर. चढ मला चांगला येतो. उतारावर ब्रेक सोडवत नाहीत.

गटातली दोन मुलं (मुलं म्हणजे तिशीतली) यंदा हिमाचलमधल्या डोंगरी सायकलींच्या, चार दिवसांच्या टप्प्यांच्या शर्यतीला नाव देतायत आणि माझ्या मागे लागलीयत. शर्यत दसऱ्याच्या आगेमागे. त्यांचा मुद्दा असा की "ताई, बायकांच्या गटात येतातच किती, पोडियम पक्का!" हा मुद्दा मला अजिबात आवडलेला नाही. पाचातली तिसरी आले हे वर्गात कोणत्या तोंडाने सांगू?

हिशोब मांडलाय. नोंदणी, तंबू-जेवण धरून, तीस हजार. मालवा एक्सप्रेसने अंबाला, पुढे टॅक्सी, येताना तेच, सायकलचं लगेज, सगळं मिळून बारा. टायर, ब्रेक पॅड, चेन, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), सीलंट (टायरचं भोक आतून बुजवणारं द्रव): अठरा. पावसाचं जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड: दहा. हॉटेल दोन रात्री: सहा. आणि बिनपगारी रजेचे चौदा, कारण तिमाहीचे पेपर नेमके तेव्हाच तपासायचे असतात. झाले नव्वद.

घरी हे "जा" म्हणतात. मनापासून म्हणतात, पण लगेच फ्रिजचा विषय काढतात. सासूबाईंनी विचारलं, "तिथे जाऊन मिळतं काय?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून प्रश्न: सिमल्याजवळ साधं हॉटेल घेऊन गटातल्या आम्ही चौघांनी चार दिवस सायकल चालवली तर निम्म्यात भागतं. मग शर्यतीत असं काय आहे जे त्यात नाही? "स्वतःला ओळखाल" वगैरे कृपया नको. गेलेल्यांनी सांगा.

महूचा_पाना

शर्यतीचं गेलेले सांगतील. मी तुमच्या अठरा हजारांवर बोलतो, ते जास्त धरलेत.

चेन किती झिजलीय ते मोजायचं गेज आधी लावा. ०.५ दाखवली तर चेन बदला, कॅसेटला हात लावू नका. नवी चेन जोर लावल्यावर दातांवरून उडी मारायला लागली तरच कॅसेट. टायर नवा एकच घ्या, तो पुढे लावा, पुढचा मागे टाका. पॅड सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घ्या, पहाडात पाऊस लागला की रेझिनचे एका दिवसात संपतात. पण घ्यायच्या आधी रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) काय लिहिलंय ते वाचा. "फक्त रेझिन" असं लिहिलेलं असेल तर सिंटर्डने तो रोटर खाल्ला समजा. सीलंट आपल्या माळव्याच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं. मे महिन्यात घातलेलं ऑक्टोबरात आहे असं धरून चालू नका.

आणि तुमच्या यादीत नसलेली एक वस्तू: डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तिकडच्या गावात मिळणार नाही, आणि दगडावर आपटली की पहिला तोच वाकतो. दोन घेऊन जा. सगळं नऊ-दहा हजारांत बसतं, बिल दाखवतो.

इंदोरी_भिया

नव्वद हजारात छप्पन दुकानवर जन्मभराचे पोहे-जलेबी. बाकी आपल्याला सायकलमधलं काही कळत नाही.

शेवटचीगाडी (सुदामा नगर)

बाई, मी स्वतः शर्यतीत कधी उतरलेलो नाही. निवृत्तीनंतर भाच्याच्या नादाने हिमाचलात अशा शर्यतींना स्वयंसेवक म्हणून जातो, आणि माझ्या वाट्याला काम येतं ते सगळ्यात मागच्या गाडीचं. शेवटच्या सायकलवाल्याच्या मागे राहायचं, वाटेवरच्या खुणेच्या फिती सोडत यायचं आणि कोणी रानात राहिलं नाही ना ते बघायचं. पुढचे कसे जिंकतात हे मी कधी पाहिलेलं नाही. शेवटचे कसे पोचतात ते मात्र जवळून पाहतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तीस हजारांतच आहे. ते जातात कुठे? वनखातं, पोलीस, पंचायत यांच्या परवानग्या. मार्ग आधी चालून बघणारी माणसं. फिती शक्यतो त्याच पहाटे बांधायच्या, आदल्या दिवशी बांधल्या तर गुरं ओढतात नाहीतर पोरं नेतात. प्रत्येक फाट्यावर एक माणूस, रुग्णवाहिका, वायरलेस (दरीत मोबाइल लागत नाही), आणि अख्खं तंबूंचं गाव उचलून पुढच्या मुक्कामी नेणारे ट्रक. हॉटेलात राहून फिरलात तर यातलं काही नसेल, आणि बहुतेक दिवशी लागणारही नाही.

एकदा एक मुलगा देवदारांत वाटेच्या खाली गेला. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, फोनला रेंज नाही. आम्ही त्याला अर्ध्या तासात शोधला, कारण वरच्या फाट्यावरच्या यादीत त्याच्या नंबरपुढे खूण होती आणि खालच्या यादीत नव्हती. म्हणजे मधलीच वाट धुंडाळायची होती. नोंदणीच्या पैशात तुम्ही घेता ती ही यादी. तिच्या भरवशावर अनोळखी जंगलात एकटीने, आपल्या वेगाने जाता येतं, कोणाची वाट बघावी लागत नाही आणि कोणाला थांबवावंही लागत नाही. चौघं मिळून गेलात तर चौघांत जो सगळ्यात हळू उतरतो त्याच्या वेगाने चार दिवस जातात. तुमच्या लिहिण्यावरून त्या तुम्हीच असाल. राग मानू नका.

आणि इथेच तुमचा हिशोब मला अपुरा वाटतो. उतारासाठी त्यात एक रुपया नाही. सिमरोलचा घाट म्हणजे डांबर, काही मिनिटांत संपणारं. तिकडे सुट्या दगडांचा उतार अर्धा-अर्धा तास चालतो. माझ्या गाडीत येऊन बसतात त्यांतल्या बहुतेकांचे पाय शाबूत असतात, हात गेलेले असतात. सतत ब्रेक धरून बोटं मिटेनाशी होतात, पॅड तापतात, माणूस उतरून चालायला लागतो आणि पुढच्या फाट्यावर पोचायची ठरलेली वेळ टळते. चढावर मिळवलेली वीस मिनिटं अशी जातात. त्या वेळेच्या मर्यादेत, निदान मी पाहिलेल्या शर्यतींत, बायकांना वेगळी सूट नव्हती. त्यामुळे पाचातली तिसरी आलात तर वर्गात ताठ मानेने सांगा.

आणखी दोन गोष्टी. इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर, सिमला बावीसशेच्या आसपास, आणि मार्गात जालोरीसारखी खिंड आली तर तीन हजारांच्या वर. उंचीची सवय व्हावी म्हणून हॉटेलच्या दोन्ही रात्री आधीच घ्या, नंतरची गाडी थेट पकडा. दुसरं, अपघात विम्याचा कागद काढून वाचा. शर्यती आणि साहसी खेळ वगळल्याचं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. वेगळं कवच घ्यावं लागलं तर दोन-तीन हजार बाजूला ठेवा.

तुलनाच करायची तर ही शर्यत महाग नाही. अमेरिका आडवी पार करायची रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) घ्या, जी नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली जोडीने पूर्ण केली. तिला बरोबर गाड्या आणि माणसांचा ताफाच न्यावा लागतो. दक्षिण आफ्रिकेची केप एपिक आठ दिवसांची, जोडीदाराबरोबरच उतरावं लागतं आणि दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलेलं चालत नाही. म्हणजे तयारी दोघांची, खर्च दोघांचा. तुमच्या शर्यतीत पाठीवरची पिशवी आणि तुम्ही.

सासूबाईंसाठी एक गोष्ट. कोलोराडोतल्या लेडव्हिल गावाजवळची मोठी खाण १९८२ साली बंद पडली, घराघरांतली नोकरी गेली. दुसऱ्या वर्षी गावाने शंभर मैल पळण्याची शर्यत सुरू केली, १९९४ पासून सायकलची. हेतू एवढाच की लोकांनी येऊन गावात रात्रभर राहावं, जेवावं, पैसे सोडावेत. तुमच्या तीस हजारांतलेही थोडे तिकडच्या खानावळवाल्याला आणि तंबू ठोकणाऱ्या पोरांना मिळतात. "काय मिळतं" याचं हे अर्धं उत्तर झालं.

मी तुमच्या जागी असतो तर आधी पाताळपाणीच्या बाजूच्या दगडी वाटांवर दोन-तीन महिने उतारच केला असता आणि मग नाव दिलं असतं. यंदा मला माणसं कमी पडतायत. यायचं असेल तर स्वयंसेवक म्हणून या, जेवण-तंबू आमच्याकडे.

दांडियाबाजार (बडोदा)

काकांचं सगळं मान्य, पण ते गाडीतून बघतात. मी गेले आहे, पूर्ण केली आहे. पुन्हा जाणार नाही, आणि पैसे वाया गेले असंही म्हणत नाही.

शुल्क सगळ्यांना सारखं, विश्रांती सारखी नसते. पुढचे दुपारी एकला पोचतात, सायकल धुतात, गरम जेवतात, झोपतात. आपण पाचला पोचतो. सायकल धुवायला रांग, पाण्याला रांग, अंधारात चेनला तेल, ओले कपडे वाळतच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांची सुरुवात एकाच वेळी. जितके हळू तितकी शर्यत महाग पडते, हे कोणी आधी सांगत नाही. म्हणून पॅडवाल्या चड्ड्या दिवसाला एक याप्रमाणे न्या, तिथे धुवायच्या भरवशावर राहू नका.

आयोजकांना आत्ताच लेखी विचारा: बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह प्रत्येक मुक्कामी आहे का, कपडे बदलायला तंबू आहे का, वैद्यकीय पथकात बाई आहे का. उत्तर गोलगोल आलं तर तीस हजार आपल्याजवळ ठेवा.

खाण्याचं रविवारीच बसवा. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत आणि ती पोटाला सवय नसेल तर उलटतात. महागडी जेल लागत नाहीत. मी राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि साखर-मीठ-लिंबाचं पाणी यावर निभावलं, पण आधी इथे कितीतरी रविवार खाऊन बघितलं होतं.

आणि दमच जोखायचा असेल तर बीआरएम करा ना, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर रस्त्याने पुरं करायचं! २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. शुल्क किरकोळ, निघायचं घराजवळून, रात्री अंथरूण आपलं. तुमच्या हार्डटेलला गुळगुळीत टायर लावले की झालं. नंबर लावत नाहीत, त्यामुळे पोडियमचा प्रश्नही मिटला. फक्त डोंगर नाही, हे खरं. तुम्हाला डोंगर हवाय की दमणं हवंय ते आधी ठरवा.

तुमच्या हिशोबात आणखी एक रक्कम राहिली आहे. तुम्ही नसताना घर कोण बघणार? सासूबाई असतील तर त्यांचा प्रश्न विचारायचा हक्क पक्का आहे.

गणिताच्याबाई

सगळ्यांचे आभार. पोह्यांचेही.

पुन्हा मांडलं. पाना-दादांच्या सांगण्याने नऊ हजार कमी, विम्याचे तीन वाढले, चड्ड्यांचे अजून पाच. एकूण नव्वदच्या जवळच राहिले, पण आता कशाचे आहेत ते कळतंय. दांडियाबाजार, मला डोंगर हवाय. डांबरावर सहाशे किलोमीटर जायची मला जराही इच्छा होत नाही.

काका, यादीची गोष्ट पटली. राग नाही, मीच ती हळू उतरणारी. पण तुम्ही म्हणता ते दोन-तीन महिने माझ्याकडे नाहीत. शर्यत दसऱ्याजवळ, आणि त्याआधीचे सगळे महिने पावसाळ्याचे. पाताळपाणीच्या वाटांवर तेव्हा गुडघाभर चिखल. उतार शिकायचे महिने नोव्हेंबर ते मे. म्हणजे माळव्यातल्या माणसाने पहिली शर्यत ठरवायची ती एक थंडी आधी. गटातल्या मुलांना हे सांगितलं तर म्हणाली, "आम्हाला उतार येतो." येऊ दे.

तेव्हा यंदा नाव देत नाही. रजा तशीही बिनपगारी आहे, तीच घेऊन तुमच्याबरोबर येते. सासूबाईंना सांगितलं की रानात फाट्यावर यादी घेऊन नंबरांपुढे खुणा करत बसायचं आहे, तर म्हणाल्या, "म्हणजे निवडणूक ड्यूटीच की!" भत्ता मिळतो का तेही विचारायला सांगितलंय.

शेवटचीगाडी (सुदामा नगर)

भत्ता नाही. राजमा-भात आहे. फाटा उंचावरचा देतो, म्हणजे खालचा उतार रोज पायी बघता येईल. गरम टोपी आणा.

महूचा_पाना

मग त्या आठवड्यात सायकल माझ्याकडे टाकून जा. फोर्क उघडून सील आणि तेल बदलून ठेवतो, तुमच्या चोरलच्या धुळीने आतलं काय झालं असेल ते बाहेरून दिसत नाही. हँगर मात्र आत्ताच मागवा, तुमच्या फ्रेमचा यायला वेळ लागतो.