पीएचपी: चूक शेवटच्या ओळीत दाखवतंय, पण तिथे काहीच नाही

प्रश्न: पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं वेबपान पांढरंफटक येतं. लॉगमध्ये (चुकांच्या नोंदीत) ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’, म्हणजे फाइल अनपेक्षितपणे संपली, ओळ २१२. फाइल तिथेच संपते. शोधायचं कुठे? पीएचपी ७.४ आहे. फाइलच्या सुरुवातीला डिस्प्ले एरर्स (चुका पडद्यावर दाखवायची सेटिंग) चालू केलंय, तरी पडद्यावर काही दिसत नाही.

उत्तर १: कुठला तरी महिरपी कंस उघडा राहिलाय. पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना तपासणारा भाग, तो बंद होण्याची वाट बघत शेवटपर्यंत जातो, म्हणून शेवटची ओळ दाखवतो. फाइलची प्रत काढा, खालून एकेक फंक्शन पूर्ण उडवा आणि दर वेळी टर्मिनलवर ‘पीएचपी -एल’ (php -l) ही आज्ञा चालवा. ते फाइल न चालवता फक्त वाक्यरचना तपासतं. जे उडवल्यावर चूक जाते, कंस त्यातच. पीएचपी ८ वर तपासलंत तर न मिटलेला कंस कुठल्या ओळीत उघडला तेही कळतं.

डिस्प्ले एरर्स त्याच फाइलमध्ये लिहून उपयोग नाही. चूक वाचतानाच सापडते, त्यामुळे ती ओळ चालतच नाही. सेटिंग पीएचपी.आयएनआय (php.ini) या पीएचपीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये करा.

उत्तर २: हिअरडॉक (दोन खुणांच्या मध्ये अनेक ओळींचा मजकूर लिहायची पद्धत) वापरलंय का? ७.३ च्या आधी शेवटच्या खुणेपुढे एक स्पेस असली तरी ती खूण धरली जात नसे. ७.४ मध्ये चालतं, पण सर्व्हरवर जुनी आवृत्ती नाही ना, बघा.

उत्तर १: आणि वेबपानावरून कोड उचलला असेल तर वळणदार अवतरणचिन्हं शोधा. “नमस्कार” असं आलं की पीएचपी त्याला मजकूर नाही, चिन्हांसकट स्थिरांकाचं (न बदलणाऱ्या किमतीचं) नाव समजतं.