जुना रोटाव्हेटर मोठ्या ट्रॅक्टरला सुरक्षितपणे जोडण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमची भातशेती पेडणे तालुक्यात आहे. वायंगणाच्या (पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या भातपिकाच्या) मशागतीसाठी आम्ही नुकताच एक जुना रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे यंत्र, विकत घेतला. तो पूर्वी लहान ट्रॅक्टरवर चालत असे आणि आमचा ट्रॅक्टर 45 हॉर्सपॉवरचा आहे. अडचण तिथूनच सुरू झाली.

रोटाव्हेटरच्या खालच्या पिना 22 मिलिमीटर जाडीच्या आहेत, तर आमच्या लिफ्टच्या (ट्रॅक्टरमागे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या) खालच्या हातांची भोके जवळजवळ 29 मिलिमीटरची आहेत, त्यामुळे पिन बसते, पण खडखडते. गेल्या रविवारी भाच्याने मध्ये उभे राहून डावी पिन बसवली आणि उजव्या पिनेसाठी मी ट्रॅक्टर किंचित मागे घेत असताना चाक चिऱ्याच्या उतारावरून एकदम सरकले. त्याची बोटे थोडक्यात वाचली. हातमोज्याचे फाटलेले टोक अजून पिनेजवळच्या ग्रीसला चिकटलेले आहे. चूक माझी होती. माणूस मध्ये असताना ट्रॅक्टर हलवायलाच नको होता.

त्या दिवसापासून जोडणी सपाट जागेवरच करायची, ट्रॅक्टर मागे घेताना कोणीही मध्ये थांबायचे नाही आणि इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून, चावी खिशात टाकल्यावरच मागे जायचे, असे आम्ही ठरवले आहे. आधी डावा हात, मग उंची कमीजास्त करता येणारा उजवा, त्यानंतर टॉप लिंक (वरचा जोडदांडा) आणि सगळ्यात शेवटी पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरती ताकद रोटाव्हेटरला पोचवणारा, एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्यांचा दांडा, हा क्रमही पाळतो. तरीही दोन बाबतींत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिली बाब पिनांची. भोकात पोलादी बुश (पिनेभोवतीची नळी) घालून 22 मिलिमीटरचीच पिन वापरावी, की रोटाव्हेटरला जाड पिना बसवून घ्याव्यात? आमच्या मेरा (शेताचे बांध) उंच आहेत, वळताना रोटाव्हेटर वारंवार उचलावा लागतो, आणि त्या हिसक्यांनी बुश निसटेल अशी मला भीती वाटते.

दुसरी बाब अधिक काळजीची आहे. लिफ्ट वरखाली करताना एका उंचीवर शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून टेकतात. तसेच चालवले तर पीटीओच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सवर थेट दाब येणार. नळ्या कापाव्या लागतील हे कळते, पण जास्त कापल्या आणि काम करताना त्या निदान एक तृतीयांश लांबीइतक्या एकमेकींत राहिल्या नाहीत, तर मिनिटाला 540 फेरे घेणारा शाफ्ट निखळेल. कापण्याचे माप लिफ्टच्या नेमक्या कोणत्या उंचीवर घ्यावे? टेकण्याआधी 25 मिलिमीटर मोकळी जागा पुरेशी आहे का? शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे गार्डही तडकले आहे. नवे मिळेपर्यंत आम्ही यंत्र सुरू करणार नाही. मात्र नळ्या आता कापून घेतल्या, तर नवे गार्ड त्याच मापाला कापून बसवता येते का, की गार्डसह पूर्ण शाफ्टच नवा घ्यावा लागतो?