२८ जुने कोर की १२ नवे? मामा-भाच्याचा वाद मिटवून द्या

सूतवाला_मामा
मंडळी, इचलकरंजीत आमचा सुताचा व्यापार आहे. बिलं, स्टॉक, खतावणी सगळं लिनक्सवर, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. सध्याच्या सर्व्हरचा प्रोसेसर इंटेलचा झिऑन ई३-१२३० व्ही२, २०१२ सालचा, चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग). वर्षअखेरची खतावणी काढायला घेतली की खाली जाऊन चहा पिऊन आलो तरी चक्र फिरतच असतं. पुण्यात एक रिफर्बिश्ड डबा मिळतोय: दोन झिऑन ई५-२६८० व्ही४, मिळून २८ कोर, १२८ जीबी रॅम. भाचा म्हणतो तो नको, एएमडीचा नवा एपिक ४४६४पी घ्या. त्यात कोर १२ आणि किंमत तिप्पट! २८ सोडून १२ साठी तिप्पट मोजायचे? मला तरी हा खुळेपणा वाटतो. तुमचं काय म्हणणं?

तात्या_रूट
मामा, भाचा बरोबर आहे. तुम्ही इचलकरंजीचे, तुम्हाला मी काय सांगू? एक तागा एकाच मागावर विणला जातो. शेजारी २७ माग लावले म्हणून तो लवकर उतरत नाही. तुमची खतावणी ओळीमागून ओळ शिल्लक काढत जात असेल, तर ती एकाच कोरवर चालते.

आता गंमत बघा. तुमच्या आजच्या ई३ चा टर्बो, म्हणजे कमाल वेग, ३.७ गिगाहर्ट्झ. जो 'नवा' डबा घेताय त्याचा ३.३! त्यातली ब्रॉडवेल पिढी दर ठोक्याला थोडं जास्त काम करते, पण घड्याळ कमी झाल्यावर ते तिथेच फिटतं. म्हणजे पैसे मोजाल, पंखे दुप्पट ओरडतील आणि चहा तेवढाच प्यावा लागेल. ४४६४पी २०२४ चा, ५.४ पर्यंत जातो, शिवाय एएमडीची नवी झेन ४ पिढी. एका कोरमागे दुपटीहून जास्त वेग सहज.

जुनं_ते_सोनं
असहमत. तात्या नेहमी एकच कोर घेऊन बसतात. सर्व्हर म्हणजे खेळायचा पीसी नव्हे. ई५ ला प्रत्येक सॉकेटमागे (प्रोसेसर बसतो ती जागा) मेमरीचे चार चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे रस्ते, दोन्ही मिळून आठ. डीडीआर४-२४०० चा एक चॅनेल सेकंदाला १९.२ जीबी, म्हणजे एकूण १५३.६. ४४६४पी ज्यातला आहे त्या एपिक ४००४ मालिकेला दोनच चॅनेल, डीडीआर५-५२०० धरून ८३.२. आता बोला! वर रॅम १९२ जीबीला संपते. डिस्क आणि कार्डं जोडायच्या पीसीआयई लेन जुन्यात ८०, नव्यात २८. उद्या मामांनी चार व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे वेगवेगळे आभासी संगणक) टाकायच्या म्हटल्या तर?

जुन्या सर्व्हरची रॅमही स्वस्तात मिळते. माझ्याकडे असलाच डबा रात्रंदिवस चालू आहे, एकदाही कुरकूर नाही.

तात्या_रूट
आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. ते १५३ दोन सॉकेटमध्ये वाटलेले आहेत. पलीकडच्या सॉकेटची रॅम हवी असेल तर पूल ओलांडून जावं लागतं, आणि एकटा कोर एवढी मेमरी ओढूच शकत नाही. लेनचं म्हणाल तर त्या ८० पीसीआयई ३.० च्या, या २८ नव्या, जास्त वेगवान ५.० च्या.

मात्र चार-पाच जड व्हर्च्युअल मशीन आणि २५६ जीबी रॅम हवी असेल, तर ४४६४पी चुकीचा, हे मान्य. पण मामांनी ते मागितलंय कुठे?

वायरमन
विजेचं कुणी बोलतच नाही. दोन ई५ म्हणजे १२० वॅटचे दोन, समोर ६५ चा एक. १०० वॅटचा फरक वर्षभर चोवीस तास चालला की ८७६ युनिट. एसी वेगळा.

जुनं_ते_सोनं
ते वॅट म्हणजे टीडीपी, प्रोसेसरच्या उष्णतेचा कागदावरचा आकडा; मीटरचं रीडिंग नव्हे हो. अर्धा दिवस तो रिकामाच बसणार.

वायरमन
रिकामा बसला तरी दोन सॉकेट, दोन पॉवर सप्लाय आणि ते पंखे काही उपाशी राहत नाहीत.

कोकणी_कर्नल
प्रोसेसरच्या पाठीवरचा आकडा नीट वाचून घ्या. मला एका विक्रेत्याने ई५-२६८० म्हणून व्ही२ गळ्यात मारला होता. नाव तेच, पण तो १० कोरचा, डीडीआर३ वाला, आणि त्यात एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या आज्ञांचा नवा संच नाही. रेड हॅट १० या लिनक्सला एव्हीएक्स२ लागतंच, त्यामुळे तो तिथेच अडकतो. व्ही४ ला ती अडचण नाही. मामा, तुमचा आत्ताचा ई३ ही त्याच जुन्या पंगतीतला.

अवांतर: २०१८ च्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीनंतर जुन्या इंटेलवर जे पॅच आले, त्यांचाही भार डेटाबेसवर पडतो. हे कुणी हिशेबात धरत नाही.

तात्या_रूट
मामा, वाद घालण्यापेक्षा खतावणी चालू करा, दुसऱ्या खिडकीत टॉप ही कमांड (प्रोसेसर किती व्यस्त आहे ते दाखवते) उघडा आणि १ दाबा. प्रत्येक कोर वेगळा दिसेल. 'डब्ल्यूए' चा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आकडाही बघा. तो वर असेल तर दोष डिस्कचा, मग प्रोसेसरवर पैसे घालूच नका.

सूतवाला_मामा
बघितलं. एक कोर शंभर टक्के, बाकीचे तीन झोपलेले. डब्ल्यूए जवळपास शून्य. तरी खात्री म्हणून डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) भाच्याच्या घरच्या पीसीवर चढवला, त्यात एएमडीचाच रायझन ७६०० आहे. इकडे ११ मिनिटं लागणारी खतावणी तिकडे ४ मिनिटांत आली. २८ कोरचा डबा रद्द. भाच्याचं तोंड आता आठवडाभर बंद होणार नाही.

जुनं_ते_सोनं
घरच्या पीसीवर ४ मिनिटं? मग एपिक तरी कशाला? पीसीच घ्या की.

तात्या_रूट
झेन ४ दोन्हीकडे तोच, खरंय. सर्व्हर बोर्डावर ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी) आणि लांबून चालू-बंद करायची सोय मिळते, पैसे त्याचे.

सूतवाला_मामा
हे भाच्याने सांगितलंच नव्हतं. थांबा, विचारतो त्याला.