मदत हवी आहे: गावच्या रानात फासक्या (जनावरं अडकवायचे तारेचे फास) लावल्या आहेत, तक्रार कुठे करायची?

नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. मी पुण्यात असते, गावी बाबा एकटेच. सध्या मी गावी आलेय. काल संध्याकाळी मी काजूच्या बागेत वरच्या अंगाला गेले होते. तिथे गडगा (दगडी कुंपण) ढासळलाय, त्या खिंडारातून भेकरं आणि डुकरं ये-जा करतात, हे लहानपणापासून बघतेय. नेमकी तिथेच फासकी दिसली. मोटारसायकलच्या ब्रेकची वायर, एक टोक किंजळीच्या बुंध्याला करकचून बांधलेलं. खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) वाटेवर आणखी दोन.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीत बिबट्या अशाच फासकीत अडकला होता. वायर कमरेला. सुटायला धडपडेल तितकी ती आत रुतत गेली. पहाटेपासून ओरडत होता, भोवती शंभरेक माणसं जमलेली. तो वाचला नाही. बाबांच्या कानांतून तो आवाज अजून गेलेला नाही.

फासकी कुणी लावली असेल याचा मला अंदाज आहे. भावकीतलाच माणूस आहे. माझं नाव पुढे आलं तर मी पुण्याला निघून जाईन, पण बाबांना तिथेच राहायचंय. शिवाय एका ओळखीच्यांनी सांगितलं, "जागा खाजगी आहे, वनखातं हात लावणार नाही." खरं आहे का हे? आणि फासक्या मीच काढून टाकू का? आज रात्री काही अडकलं तर मला स्वतःला माफ करता येणार नाही.

देवराई: ताई, आधी १९२६ ला फोन करा. महाराष्ट्र वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते. गाव, तालुका आणि जवळची ठळक खूण सांगा. बाबांना तुमच्या भागाच्या वनरक्षकाचा नंबर माहीत असेल तर त्यालाही लगेच कळवा. फासकीला हात लावू नका, पंचनाम्यात ती जागेवर असणं फार महत्त्वाचं असतं. मोबाइलचं लोकेशन चालू करून फोटो काढा: वायर, गाठ, झाड आणि आजूबाजूचा परिसर. रात्रीपर्यंत कुणी पोचणार नसेल तर फोनवरच विचारा, फास सैल करू का. ते सांगतील तसं करा. आणि कृपा करून फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. लावणारा तासाभरात वायर काढून मोकळा होईल.

सातारकर: मी वकिली करतो. खाजगी जागेचा मुद्दा चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सगळीकडे लागू आहे, सातबारा कुणाच्याही नावावर असो. रत्नागिरीत बहुतेक रान खाजगीच आहे, मग कायद्याला अर्थच उरला नसता. शिकारीच्या व्याख्येत फास लावणं आणि तसा प्रयत्न करणं, दोन्ही येतं. म्हणजे प्राणी अडकलेला असायलाच हवा असं नाही. बिबट्या आणि खवले मांजर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे.

फोननंतर लेखी अर्जही द्या. परिक्षेत्र वनअधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत विभागीय वन अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. पुढे वनगुन्हा नोंदवला का, हे त्यावरूनच विचारता येतं. काहीच झालं नाही तर कलम ५५ प्रमाणे सरकारला ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. अर्जात संशयिताचं नाव लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, शोध घेणं त्यांचं काम.

रानवाटा: नावाची भीती असेल तर वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो आहे, केंद्र सरकारचा. पश्चिम विभागाचं कार्यालय नवी मुंबईत आहे. माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवतात. पण त्यांचा मुख्य भर तस्करीवर, म्हणजे खवले, कातडी, नखं विकणाऱ्या टोळ्यांवर. तुमच्याकडे गरज आहे ती तासाभरात पोचणाऱ्या माणसाची, म्हणून १९२६ आणि वनरक्षकच. फोनवर सुरुवातीलाच सांगा की घरी वडील एकटे आहेत, नाव बाहेर जाता कामा नये.

एक विचारू? तो भावकीतला माणूस डुकरांनी भात लोळवल्यामुळे फासकी लावतोय का? तसं असेल तर त्याला पीक नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मागता येते, हे बाबांनी सहज गप्पांत त्याच्या कानावर घालावं. वायर डुकरासाठी असली तरी बिबट्याला ते कुठून कळणार?

मूळ धागालेखिका: सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साडेआठला १९२६ ला फोन केला. आज सकाळी वनरक्षक आणि वनपाल दोघं आले. मी दाखवलेल्या तीन, शिवाय पऱ्याच्या पलीकडे त्यांनाच आणखी दोन सापडल्या. एकीत भेकराचे केस होते. पंचनामा करून पाचही वायरी घेऊन गेले. "गस्तीत मिळाल्या" असंच गावात सांगू म्हणाले, बाबांना तेवढ्याने खूप हायसं वाटलं. अर्ज उद्या देतेय.

सातारकर, अर्जाला फोटो छापून जोडू की पेनड्राइव्हवर देऊ? आणि मोबाइलमधले मूळ फोटो किती दिवस जपून ठेवायचे?