उलटीच्या औषधानंतर घसा आवळून श्वास अडकला: ही अ‍ॅलर्जी होती का?

प्रश्न

माझ्या १९ वर्षांच्या धाकट्या बहिणीला पोट बिघडून वारंवार उलट्या होत असल्यामुळे डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन दिले आणि त्याच औषधाच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा घेण्यास सांगितल्या. उलट्या त्याच दिवशी थांबल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तिचे बोलणे अडखळू लागले. तोंडात गोटी धरून बोलावे तसे शब्द येत होते. थोड्याच वेळात जबडा एका बाजूला ओढला गेला, मान मागे वळली आणि श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज येऊ लागला. ती पूर्ण शुद्धीवर होती आणि हाताने गळ्याकडे खूण करत होती.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो जोर थोडा ओसरला होता. तेथे प्रथम तपासणाऱ्यांनी ऑक्सिजनचे प्रमाण ठीक आहे, मुलगी घाबरली आहे, असे सांगितले. पुन्हा तसाच झटका आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांचे पाकीट मागून घेतले आणि प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले. साधारण पाव तासात जबडा सुटला आणि आवाजही थांबला. हे इंजेक्शन अ‍ॅलर्जीवरचे असते असे कळल्यामुळे घरातील सर्वांनी ही अ‍ॅलर्जीच होती असे ठरवून टाकले आहे. ते बरोबर आहे का, आणि पुढे कधी उलट्या झाल्या तर तिला कोणते औषध चालेल?

उत्तर १

मी डॉक्टर आहे, पण रुग्ण न तपासता लिहीत आहे, हे लक्षात घेऊन वाचावे. आपण केलेल्या वर्णनावरून ही अ‍ॅलर्जी वाटत नाही. वळलेली मान, ओढलेला जबडा, जड झालेली जीभ आणि शाबूत शुद्ध, या सगळ्याला आम्ही तीव्र डिस्टोनिया, म्हणजे स्नायू अचानक आपोआप आवळले जाणे, म्हणतो.

मेटोक्लोप्रमाइड हे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे काम अडवून उलटी थांबवते. परंतु स्नायूंच्या हालचालींचे संतुलन राखणाऱ्या केंद्रांनाही तेच डोपामिन लागत असल्यामुळे तिथे ते कमी पडले की अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा जोर वाढतो आणि स्नायू आपोआप आवळले जातात. हा पेटका बहुधा मान, जबडा, जीभ आणि डोळे यांच्यापुरता राहतो. क्वचित तो स्वरयंत्राच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो, आणि मग हवा आत जाण्याची वाटच अरुंद होते. तो चिरका आवाज याच अरुंद वाटेचा. दिवसाला ३० ते ४० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्या प्रौढांमध्ये साधारण ५०० जणांमागे एकाला डिस्टोनिया होतो, असे औषधासोबतच्या माहितीपत्रकात दिलेले असते. तो बहुतेक पहिल्या २४ ते ४८ तासांत होतो आणि तिशीच्या आतील तरुणांत व मुलांत अधिक दिसतो. आपल्या बहिणीचे वय आणि वेळ, दोन्ही त्यात नेमके बसतात.

प्रोमेथाझिनमुळे आराम पडला म्हणून अ‍ॅलर्जी होती, हा तर्क समजण्यासारखा आहे, पण चुकीचा आहे. हे औषध अ‍ॅलर्जीत सुटणारे हिस्टामिन अडवते तसेच अ‍ॅसिटिलकोलिनही अडवते, आणि तिला त्या दुसऱ्या गुणाचा उपयोग झाला. (प्रोमेथाझिन स्वतःही उलटीवर दिले जाते आणि फार क्वचित तेच डिस्टोनिया घडवू शकते, हा या औषधांचा विचित्रपणा.) ऑक्सिजनच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण हा पेटका कमी-जास्त होत राहतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये तपासले तर सारे काही ठीकच दिसते. भीतीने तो वाढतो, त्यामुळे ‘मानसिक आहे’ असा शिक्का या रुग्णांवर वरचेवर बसतो. पाकीट मागून घेणाऱ्या डॉक्टरांनी योग्य तेच केले.

उत्तर २

खरी अ‍ॅलर्जी कशी दिसते हे आमच्या घरी पाहिल्यामुळे लिहीत आहे. माझ्या आईला शिरेतून ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचे औषध दिल्यावर अवघ्या काही मिनिटांत तळहातांना खाज सुटली, गळ्यावर आणि पोटावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वास सोडताना छातीतून सूं-सूं असा आवाज येऊ लागला. रक्तदाबही उतरला होता. तिला मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन देण्यात आले आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवले. या औषधाने असे क्वचितच होते, असे आम्हाला सांगण्यात आले. तिची मान वळली नाही की जबडा धरला नाही. आपल्या बहिणीच्या अंगावर गांधी किंवा चेहऱ्यावर सूज होती का?

प्रश्नकर्ती

गांधी किंवा सूज अजिबात नव्हती. मात्र आज सकाळी मान पुन्हा किंचित ओढल्यासारखी झाली, म्हणून विचारते, की औषध बंद केल्यावरही असे होऊ शकते का?

उत्तर १ (पुढे)

होऊ शकते. शरीरातील मेटोक्लोप्रमाइड पूर्ण उतरण्याआधीच प्रतिऔषधाचा परिणाम संपला तर पेटका परततो, म्हणूनच त्यानंतर दोन-तीन दिवस तोंडावाटे प्रतिऔषधाच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. त्या दिल्या नसतील तर आजच त्या डॉक्टरांना कळवावे, आणि श्वासाचा आवाज पुन्हा आला तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. गांधी उठलेल्या नसल्या तरी घशातून आवाज येणे हे कोणत्याही कारणाने तातडीचेच असते.

पुढील औषधांबद्दल सांगायचे तर मेटोक्लोप्रमाइड तिने पुन्हा घेऊ नये आणि त्याच मार्गाने काम करणारे प्रोक्लोरपेराझिनही टाळावे. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड जोडलेले असते, तेही डोपामिन अडवणारेच आहे; तेव्हा पाकिटावरील बारीक अक्षरेही वाचावीत. ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिन या वेगळ्या रसायनाच्या मार्गाने काम करते, त्यामुळे त्याचा विचार होऊ शकतो. डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून त्यामुळे डिस्टोनिया होण्याची शक्यता कमी असते. मात्र ही दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, त्यामुळे ती स्वतःहून आणून घेऊ नयेत.

उत्तर ३

मी परिचारिका आहे. श्वास अडकल्याची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाचा घसा आवळलेला नसतो. मेटोक्लोप्रमाइड शिरेतून झटकन दिले तर काहींचा जीव इतका घाबरा होतो की ते सलाईनसकट पलंगावरून उठू पाहतात, पाय स्थिर ठेवू शकत नाहीत आणि ‘मला श्वास येत नाही’ असे म्हणतात. म्हणूनच हे इंजेक्शन किमान तीन मिनिटे घेऊन सावकाश द्यायचे असते. घाईच्या वेळी ही तीन मिनिटे फार लांब वाटतात, हे मान्य करते.

याच्या अगदी उलट प्रकार प्रोमेथाझिनने होतो आणि तो मला अधिक भीतिदायक वाटतो, कारण त्यात रुग्ण तक्रारच करत नाही. तो गुंगीत जातो आणि श्वास संथ होत जातो. अफूवर्गातील वेदनाशामकांसोबत हा धोका वाढतो, आणि दोन वर्षांखालील मुलांना तर प्रोमेथाझिन देऊच नये, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ साली या औषधाच्या माहितीपत्रकात घालण्यात आला.

शिवाय कधीकधी औषधाचा काहीच दोष नसतो. मधुमेही व्यक्तीला उलट्या होत असतील आणि श्वास खोल व जलद चालत असेल, तर रक्तात आम्ल साचलेले असू शकते. तिथे औषधाला दोष देत बसल्यास मूळ आजार हातचा जातो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. डॉक्टरांशी बोलणे झाले. तीन दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि मान आता सैल आहे. तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर कोणीतरी ‘अ‍ॅलर्जी’ एवढेच लिहिले होते. ते त्यांनी खोडून ‘मेटोक्लोप्रमाइडमुळे तीव्र डिस्टोनिया, श्वासमार्गावर परिणाम, पुन्हा देऊ नये’ असे लिहून दिले.